बरकतीचं एकविसावं

१

सालेम बिन खमीसची दुभती उंटीण गोळी लागून मेली आणि ती गोळी हर्णैच्या लियाकतनं झाडली, ही बातमी अजीज मुकादमांच्या कानावर आली तेव्हा ते मीठ घातलेला चहा पीत होते.

मीठ त्यांनी स्वतःच घातलं होतं, साखर समजून. पण ते कबूल करतील तर ते अजीजचाचा कसले!

"अवो, कप ठेवा खाली," त्यांची बायको झुबेदा म्हणाली. "डोळे दाखवा एकदा डॉक्टरला. चष्म्यानं काय इज्जत जाते?"

"डोळे ठणठणीत आहेत. बरण्या तू हलवल्यास."

दारात उभा असलेला अन्वर या भांडणात कुठं शिरावं या विचारात घुटमळत होता. देरा ते खोर फक्कान अशी मालाची पिकअप चालवणारा हा गडी एरवी बाजारगप्पांचा बादशहा, पण आज त्याचं तोंड उतरलं होतं.

"चाचा, लियाकतला वालीच्या, तिथल्या सुभेदाराच्या, माणसांनी बसवून ठेवलंय," तो म्हणाला. "चार दिवसांपूर्वी डोंगरात शिकारीला गेले होते. हनीफशेठ, लियाकत आणि मोहिद्दीन बावर्ची. पहाटे उंटीण पडली. शेजारी काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली, टू-फोर-थ्रीची. टू-फोर-थ्रीची रायफल सगळ्या कॅम्पमध्ये एकट्या लियाकतकडं. शुक्रवारच्या बोटीनं त्याला मुंबईला पाठवणार, परत कधीच येऊ नको म्हणून."

अजीजचाचांनी तो खारट चहा एका घोटात संपवला.

लियाकतला या अरबी मुलुखात आणलं होतं त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी, १९६३ च्या उन्हाळ्यात, हर्णैच्या बंदरावर मरियमबीनं आपल्या पोराचा हात त्यांच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, "भाईजान, तुमच्या भरवशावर." पाण्याचा शोध घेणाऱ्या कंपनीत त्याला ड्रायव्हर म्हणून लावताना जामीन म्हणून अंगठा उमटला होता तो चाचांचा. पोरगं कामाला चोख. कंपनीचा इंग्रज साहेब बहारीनला गेला की स्वतःची रायफल त्याच्या हवाली करून जायचा, वापरायची मुभा देऊन. असा पोरगा खोटारडा ठरून बोटीत बसला तर हर्णैत मरियमबीनं कुणाला तोंड दाखवायचं?

"आज मंगळवार," चाचा उठत म्हणाले. "अन्वर, सकाळी निघू. यल्ला, गाडीत पेट्रोल भर."

"तुम्ही जाऊन काय करणार?" झुबेदानं विचारलं.

"ती काडतुसं मीच दिलीत. बघतो तर खरं."

२

बाजारात अजीजचाचांचा मान वेगळा होता. बंदुकीच्या दुकानात ते नोकर, पण गिऱ्हाईक अरबाबला, म्हणजे मालकाला, सलाम करून सरळ यांच्या टेबलाशी यायचं. कारण चाचा काडतूस विकत नसत, निवडून देत. आधी चार प्रश्न विचारायचे. कशावर झाडणार? किती लांबून? खांद्याला धक्का सोसतो का? आणि चौथा सगळ्यात महत्त्वाचा: जनावर खाणार, की त्याची शिंगं भिंतीवर लावणार? खाणार असेल तर सुरी फिरेपर्यंत त्यात जीव राहायला हवा. हरणावर दांडगी गोळी घातली तर बिस्मिल्ला म्हणायच्या आत सगळं संपतं आणि मांस हराम होतं. म्हणून हरणाला हलकी टू-फोर-थ्री आणि डोंगरातल्या रानबोकडाला, ताहरला, जाड गोळीची थ्री-नॉट-एट.

या दोन काडतुसांची गंमत अशी की ती सख्ख्या बहिणींसारखी. पितळी अंग एकाच मापाचं, फरक फक्त गळ्यात आणि गोळीत. एकीचा गळा बारीक, दुसरीचा जाड.

डिसेंबरात एकाच दुपारी दोन गिऱ्हाइकं आली होती. लियाकतचा साहेब आणि हनीफशेठ. दाभोळचा हनीफ म्हणजे इथला बडा कंत्राटदार, वालीच्या बैठकीत त्याला गादीवर जागा. दोघांनी एकाच कंपनीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली घेतल्या, दिसायला जुळ्या. एक गोळी सुटली की रायफल स्वतःच पुंगळी बाहेर फेकते आणि पुढची आत घेते. साहेबाला हरणं मारायची होती, त्याला टू-फोर-थ्री. हनीफला ताहर, त्याला थ्री-नॉट-एट. प्रत्येकाला वीस काडतुसांचा डबा दिला आणि वर चाचांच्या शिरस्त्याप्रमाणे एकविसावं.

हा शिरस्ता हर्णैच्या बाजारातून आलेला. नारळ घ्या, सुपारी घ्या, मोजून झाल्यावर दुकानदार वर एक टाकणारच, बरकतीचं. भरल्या आकड्यावर व्यवहार थांबवू नये. चाचा ते एक काडतूस सुट्या काडतुसांच्या खणातून काढत, कागदाच्या पुडीत बांधून देत आणि बजावत, "हे सगळ्यात शेवटी वापरायचं."

अरबाब हसायचा. "हबीबी, तुझी बरकत तुझ्यापाशी," म्हणायचा, "पण ज्या दिवशी काडतुसात चूक होईल, त्या दिवशी किल्ल्या माझ्या हातात." पंधरा वर्षांत ती वेळ आली नव्हती.

३

खोर फक्कानला पोचेपर्यंत दिवस कलला होता. अंगातलं एकेक हाड वाटेतल्या दगडांनी मोजून घेतलं होतं.

लियाकत वालीच्या वाड्याच्या ओसरीवर बसला होता. बेड्या नव्हत्या, पण खाली घातलेली मान बेड्यांपेक्षा जड दिसत होती.

"चाचा, मी नाही मारली," तो म्हणाला. "कुराणाची कसम."

"कसम नंतर खा, आधी सांग. डब्यातलं एक काडतूस कमी आहे म्हणे."

"आदल्या दिवशी एकदा पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर निशाणा घेतला होता. पुंगळी उडून दगडात गेली, कोण शोधतो? पहाटे मी गाडीत घालायला पाणी आणायला झऱ्यावर गेलो होतो. एकटाच. कोण माझं सर्टिफिकेट देणार?" त्यानं खिसा चाचपला. "आणि चाचा, राग मानू नका, पण तुमचं एक काडतूस खराब निघालं, साहेबानं पुडीतून काढून डब्यात टाकलेलं. रायफलीत जाईचना. जबरदस्ती नको म्हणून खिशात ठेवलंय, तुम्हाला दाखवायला."

"असतं एखादं. बघू मग," चाचा म्हणाले. त्या वेळी त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

हनीफशेठ स्वतः भेटायला आला. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, अत्तराचा घमघमाट, आवाजात मध.

"अजीजभाय, बहुत बुरा हुआ. पोरगा गुणी आहे हो, पण घाबरला आणि खोटं बोलला. उंटिणीचं नुकसान मी भरतो म्हणालो. पण सालेम ऐकत नाही. तो म्हणतो, ज्यानं मारलं त्यानं तोंडानं कबूल करावं."

"तुमची रायफल होती ना बरोबर?"

"होती ना. पण काडतुसं? आदल्या संध्याकाळीच सगळी उडवली, पत्र्याचे डबे ठेवून. वीसच्या वीस पुंगळ्या मोजून डब्यात भरल्या, मोहिद्दीनला विचारा. पहाटे माझी रायफल म्हणजे नुसती काठी. आणि मी तर फजरची नमाज पढून परत आडवा झालो होतो."

मोहिद्दीन चुलीपाशी मासे तळत होता. त्यानं मान डोलावली.

"शेठनी माझ्याकडूनच मोजून घेतल्या. पूरे बीस."

"आणि पहाटेचा आवाज ऐकलास?"

"ऐकला. एकच बार. पण चाचा, आवाजात दम नव्हता. संध्याकाळी शेठ उडवत होते तेव्हा कानठळ्या बसत होत्या. पहाटेचा आवाज ओल्या फटाक्यासारखा. फुस्स."

"लियाकतनं डब्यावर मारली तेव्हा?"

"ती पण कडक वाजली होती."

चाचांनी माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि तसाच चघळत राहिले. चांगल्या काडतुसाचा आवाज ओला का व्हावा? रात्रभर त्या प्रश्नानं त्यांना झोपू दिलं नाही.

४

गुरुवारी सकाळी सालेम बिन खमीस त्यांना जागेवर घेऊन गेला. वाळल्या खारकेसारखा सुरकुतलेला म्हातारा. उंटिणीचं नाव समहा. तिच्या दुधावर त्याच्या घरातली तीन नातवंडं वाढत होती.

"इथं बसून झाडली," समरच्या काटेरी झाडाखाली बोट दाखवत सालेम म्हणाला. "गुडघ्याचे दोन खड्डे होते. पुंगळी त्या दोन खड्ड्यांच्या मधोमध."

"मधोमध? लांब उजवीकडं नाही?"

"मी चाळीस वर्षं माग काढतोय. मधोमध."

चाचांनी दाढी खाजवली. सेमी-ऑटोमॅटिक रायफल पुंगळी चार-पाच पावलं लांब भिरकावते. ती गुडघ्यापाशी पडली, म्हणजे रायफलीनं फेकलीच नाही, हातानं दट्ट्या ओढून काढली. रायफलीत जोर का उरला नव्हता?

"आणि तिथं हरणाचे माग होते," सालेमनं समोर बोट दाखवलं. मग हात बराच डावीकडं फिरवला. "आणि माझी समहा तिथं होती, झुडपाआड. मधे साठ पावलं. आंधळासुद्धा इतका चुकत नाही."

त्यानं खांद्यावरचं गाठोडं सोडलं. आत उंटिणीच्या कातड्याचा तुकडा होता, पुरावा म्हणून जपलेला. त्यातलं भोक गोल नव्हतं, लांबट होतं. जणू गोळी नाकानं शिरली नव्हती, आडवी होऊन आपटली होती.

चाचांना एकदम झुबेदाच्या बांगड्या आठवल्या. लहान बांगडी मोठ्या मनगटात चढत नाही. पण मोठ्या मनगटाची बांगडी बारीक हातात घातली तर खुळखुळत जाते.

"सालेम, ती पुंगळी कुणाकडं आहे?"

"वालीकडं."

"चल लवकर."

५

वालीच्या माणसानं रुमालातून पुंगळी काढून दिली. चाचांनी लियाकतच्या डब्यातलं एक नवं काडतूस मागून घेतलं आणि त्याची गोळी उलटी करून पुंगळीच्या तोंडात घातली. खरं तर ती घट्ट बसायला हवी होती. ती खुळखुळली. बोटानं चाचपलं तर पुंगळीचा गळा फुगलेला होता आणि एका बाजूनं चिरलेला.

"लियाकत, ते तुझं खराब काडतूस दे."

लियाकतनं खिशातून काढून दिलं. त्या काडतुसाची गोळी चाचांनी पुंगळीच्या तोंडाला लावली. बाटलीत बूच बसावं तशी ती बसली.

चाचांनी ते काडतूस डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. बुडावरचे आकडे मुंग्यांसारखे वळवळत होते.

"लियाकत, तुझे डोळे तरुण आहेत. काय लिहिलंय, वाच."

लियाकतनं वाचलं. "थ्री-नॉट-एट."

चाचा ओसरीच्या पायरीवर बसले. काडतूस खराब नव्हतंच. ते लियाकतच्या रायफलीचं नव्हतंच मुळी. आणि ते लियाकतच्या डब्यात घालणारा हात या जगात एकच होता.

डिसेंबरातली ती दुपार त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. दोन डबे, दोन पुड्या, सुट्या काडतुसांचा एकच खण. सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी. आणि बरणीत साखर की मीठ हे न दिसणारे दोन ठणठणीत डोळे.

आपण गप्प बसलो तर? हा विचार त्यांच्या मनात आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुंगळी कुठल्या रायफलीत फुटली हे दाखवता येईल, बाकीचं कुणाला कळणार? किल्ल्या शाबूत, नाव शाबूत. पण समोर लियाकत उभा होता आणि त्याला अजून काहीच उमगलं नव्हतं.

६

दुपार कलताना, असरच्या नमाजीनंतर, बैठक भरली. वाली मधोमध, उजवीकडं गादीवर हनीफशेठ, समोर सालेम. कॉफीचे पेले फिरले. चाचांनी दोन्ही रायफली मागवल्या, रिकाम्या आहेत ना हे सगळ्यांसमोर तपासलं आणि ती रिकामी पुंगळी लियाकतच्या रायफलीत घातली. ती अर्ध्यातच अडली. दाबली तरी जाईना.

मग ती हनीफच्या रायफलीत टाकली. टक्क आवाज करून ती आत जाऊन बसली.

"हिच्या बुडावर टू-फोर-थ्री लिहिलंय," चाचा म्हणाले, "पण ती फुटली या रायफलीत. गोळी बारीक, नळी जाड. गोळी नळीत खुळखुळली म्हणून आवाज फुसका आला. बाजूनं जोर निसटला म्हणून रायफलीनं पुंगळी फेकली नाही, हातानं काढावी लागली. गोळीचा नेम सुटला, ती आडवी झाली आणि हरणाऐवजी झुडपाआडच्या उंटिणीत घुसली. पुंगळीचा गळा मात्र या जाड नळीच्या घरात फुगला. तो आता लियाकतच्या रायफलीत जन्मात जायचा नाही."

हनीफच्या कपाळावर घाम दिसला, पण आवाजातला मध तसाच होता.

"वा, अजीजभाय! पण टू-फोर-थ्रीचं काडतूस माझ्याकडं येणार कुठून? लियाकतनंच माझी रायफल घेऊन झाडलं असेल."

वालीनं चाचांकडं पाहिलं. "प्रश्न बरोबर आहे. काडतूस कुठून आलं?"

चाचांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"माझ्याकडून," ते म्हणाले. "मी वीस मागणाऱ्याला एकवीस देतो. एकविसावं बरकतीचं, पुडीत बांधून, शेवटी वापरायला. माझे डोळे अधू झालेत आणि मी ते कुणाला सांगत नाही. दोन्ही पुड्या एकाच दुपारी बांधल्या आणि काडतुसांची अदलाबदल झाली. जाड गळ्याचं लियाकतच्या डब्यात गेलं, ते त्याच्या रायफलीत शिरलंच नाही म्हणून आज इथं आहे. बारीक गळ्याचं हनीफशेठकडं गेलं. ते शिरलं. शेठ, वीस पुंगळ्या तुम्ही मोजून दाखवल्यात. तुमच्या एकविसाव्याची गोष्ट मला सोडून फक्त तुम्हाला माहीत होती."

हनीफनं कपाळ पुसलं. मग तो हळूच गादीवरून उतरून खाली जाजमावर बसला.

"पुडी खिशात होती," तो म्हणाला. "पहाटे हरीण दिसलं. तुम्ही सांगितलेलं आठवलं, शेवटचं शेवटी. बिस्मिल्ला म्हणून झाडलं आणि भलतीकडं उंटीण कोसळली. पुंगळी ओढून टाकली नि पळालो. वाली माझ्याकडून रस्त्याचं काम करून घेणार होते, त्यात हे! दुपारी सालेमनं पुंगळीवरचा आकडा वाचून घेतला तर तो लियाकतचा. खरं सांगतो, मला काही कळेना. मला वाटलं, अल्लानंच पडदा टाकला."

"अल्ला पडदा टाकतो तो दुसऱ्याच्या पोराच्या तोंडावर नाही," सालेम म्हणाला.

वालीचा निवाडा छोटा होता. हनीफनं सालेमला दुभती उंटीण आणून द्यायची, सगळ्यांसमोर लियाकतची माफी मागायची. शुक्रवारच्या बोटीत कुणी बसणार नाही. खलास. चाचा उठून म्हणाले की उंटिणीतला अर्धा वाटा त्यांचा, कारण अर्धी चूक त्यांची. सालेमनं हात हलवला. "तू न विचारता खरं बोललास. तुझा वाटा पोचला."

बाहेर आल्यावर लियाकत त्यांच्या गळ्यात पडला. चाचा त्याला थोपटत राहिले, पण रडू त्यांनाच जास्त आलं.

"माझ्यामुळं झालं रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मरियमबीनं मला दिलं होतं तुला, आणि माझ्याच हातून."

७

देऱ्याला परतल्यावर चाचांनी घरीही न जाता दुकानाच्या किल्ल्या अरबाबच्या समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. अरबाबनं ऐकलं, किल्ल्या खिशात टाकल्या. नको म्हणाला नाही. चाचांना ते बरंच वाटलं.

मग चष्मा आला. चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा झुबेदाकडं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही चहात मीठ घालायला लागलात तेव्हा," ती म्हणाली.

महिन्यानं अरबाबनं किल्ल्या परत दिल्या. चाचांनी पहिल्याच दिवशी सुतार बोलावून त्या खणाचे दोन खण केले आणि मधे फळी ठोकली.

मार्चमध्ये साहेबासाठी काडतुसं न्यायला लियाकत आला. चाचांनी टू-फोर-थ्रीचा डबा उघडला, वीस मोजली, झाकण लावलं आणि पुढं सरकवला. लियाकतनं डब्याला हात लावला नाही.

"चाचा, एकविसावं?"

"ते बंद केलंय मी."

"असं कसं बंद? भरल्या आकड्यावर डबा नेला तर अम्मी हर्णैहून ओरडेल."

चाचांनी खणांमधल्या फळीवर हात ठेवला. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, डावीकडचा खण उघडला, एक काडतूस घेतलं, बूड वाचलं, उजेडात नेऊन परत वाचलं. कागदात बांधून पुडी त्याच्या हातात दिली.

"उघडून वाचून घे. माझ्यासमोर."

"तुम्ही वाचलंत ना?"

"दोनदा."

"मग खलास," लियाकत म्हणाला आणि न उघडताच ती पुडी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली.